गाडीतला डॅशकॅम आणि कायदा: काचेपासून कोर्टापर्यंत

डॅशकॅम म्हणजे गाडीच्या काचेवर बसून समोरचा रस्ता टिपत राहणारा कॅमेरा. त्याचं दुकानातलं गणित आता बहुतेकांना पाठ आहे. किती मेगापिक्सेल, मागचा कॅमेरा सोबत येतो का, रात्री समोरच्याची नंबरप्लेट वाचता येते का, किती जीबीचं कार्ड टाकायचं. ‘हे कायद्यात बसतं ना?’ हा प्रश्न मात्र कॅमेरा लावून झाल्यावर सुचतो, तोही बहुधा पहिल्या नाकाबंदीला.

बसतं. भारतात खासगी गाडीत डॅशकॅम लावायला बंदी नाही, परवाना लागत नाही, आरटीओत नोंद करावी लागत नाही. लावलाच पाहिजे अशी सक्तीही नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात खासगी डॅशकॅमसाठी वेगळं कलमच नाही. पण म्हणून मोकळं रान आहे असं समजू नका. कॅमेरा कुठे चिकटवला, त्याने काय टिपलं, ती क्लिप कुणाला दिली आणि कशी दिली, यातल्या प्रत्येक पायरीला वेगवेगळा कायदा लागू होतो. खरा गुंता शेवटच्या दोन पायऱ्यांवर आहे आणि लोक नेमके तिथेच बेफिकीर असतात.

आधी एक गैरसमज बाजूला करू. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७अ हा नियम आला. त्यात स्पीड कॅमेरा, सीसीटीव्ही, स्पीड गन, अंगावरचा कॅमेरा या यादीत ‘डॅशबोर्ड कॅमेरा’ असाही उल्लेख आहे आणि अशा यंत्रांना राज्य सरकारने नेमलेल्या प्राधिकाऱ्याचं प्रमाणपत्र हवं, ते दरवर्षी नवं करावं, असं म्हटलं आहे. हे वाचून ‘डॅशकॅमला सरकारी मंजुरी लागते’ असे मेसेज फिरले. हा नियम पोलीस आणि वाहतूक यंत्रणा ज्या उपकरणांवरून चलन फाडतात त्यांच्यासाठी आहे. तुमच्या गाडीतल्या कॅमेऱ्याशी त्याचा संबंध नाही. याची दुसरी बाजूही लक्षात घ्या. तुमच्या कॅमेऱ्यात कुणी सिग्नल तोडताना दिसला, तर ती क्लिप म्हणजे आपोआप चलन नव्हे. ‘महाट्रॅफिक’ ॲपवर नागरिकांना नियमभंग कळवण्याची सोय आहे. तुम्ही पाठवलेली क्लिप ही तक्रार असते, दंड करायचा की नाही ते पोलीस ठरवतात.

काचेवर कुठे?

मोटार वाहन कायद्याचं कलम १२५ सांगतं की चालकाला गाडीवर ताबा ठेवायला अडथळा होईल अशा रीतीने कुणाला बसवू नये आणि काही ठेवू नये. डॅशकॅमला सगळ्यात आधी लागू होतं ते हेच कलम. मोडल्यास सर्वसाधारण दंडाचं कलम १७७ लागतं: पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत, पुढच्या वेळी १,५०० पर्यंत.

काचेबद्दल दुसरा नियम आहे, क्रमांक १००. पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. एप्रिल २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मवर बंदी घातली ती याच नियमाचा आधार घेऊन. डॅशकॅम म्हणजे फिल्म नव्हे आणि सरकार स्वतःच आपल्याला काचेवर फास्टॅग चिकटवायला लावतं. तरीही बशीएवढा स्क्रीन काचेच्या मधोमध लटकवलात, तर हुज्जतीला जागा तुम्हीच करून देता.

सोयीची जागा म्हणजे आतल्या आरशाच्या मागे, डावीकडे. तिथून रस्ता पूर्ण दिसतो आणि चालकाच्या नजरेत काही येत नाही. फास्टॅगही साधारण तिथेच असतो, त्यामुळे कॅमेरा त्याच्यावर चढवू नका, नाहीतर टोलनाक्यावर मागचे हॉर्न वाजवू लागतील. बाजूच्या खांबातून वायर नेताना तिथे पडदा एअरबॅग, म्हणजे बाजूच्या काचेवर पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग, आहे का ते पाहा. वायर एअरबॅगच्या पुढून गेली तर अपघातात ती उघडताना आडवी येते. हे काम गल्लीतल्या ॲक्सेसरीवाल्याकडून करून घेणार असाल तर त्याला आधी हा एक प्रश्न विचारा. तो गोंधळला, तर सरळ लायटरच्या सॉकेटमधून वीज घ्या. कंपनीची वायर कापून जोडणी केली की वॉरंटीचा वाद सुरू होतो, तो वेगळाच.

जुना मोबाईल स्टँडला लावून डॅशकॅम म्हणून वापरणाऱ्यांसाठी जरा सावधगिरीची सूचना. गाडी चालवताना हातातलं संपर्क साधन वापरणं हे कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं. ऑक्टोबर २०२० पासून नियमात सवलत मिळाली ती रस्ता शोधण्यापुरती, तीही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा पद्धतीने. रेकॉर्डिंगचा त्यात उल्लेख नाही. फोन स्टँडवर आहे, हातात नाही, असा युक्तिवाद करता येईल. पण सिग्नलला तुम्ही स्क्रीनवर बोट फिरवताना दिसलात, तर तो पोलिसाला पटवत बसावं लागेल.

दुचाकीवाल्यांनी हेल्मेटला भोक पाडून कॅमेरा बसवू नये. आयएसआय मार्क हा त्या कवचाच्या मूळ रूपाला दिलेला असतो. हँडलवर किंवा छातीवरच्या पट्ट्यावर कॅमेरा लावला तर हा प्रश्नच येत नाही.

क्लिप आणि कोर्ट

आता मुख्य विषय. समजा, तुम्ही पुण्यात नवले पुलाच्या उतारावर आहात. पुढची वाहतूक थांबली म्हणून तुम्ही थांबलात. मागून आलेल्या टेंपोने ठोकलं, तुमची गाडी पुढच्या रिक्षावर आदळली, रिक्षातला प्रवासी जखमी झाला. टेंपोवाला म्हणतो, ‘यांनी अचानक ब्रेक मारला.’ रिक्षावाल्याने पाहिलेली गाडी तुमचीच, कारण त्याला धडक तुमची बसली. तुमच्या पुढच्या आणि मागच्या कॅमेऱ्यात सगळं आहे. मग सुटलात?

अजून नाही. कोर्टात व्हिडिओ म्हणजे इलेक्ट्रॉनिक नोंद. ती पुरावा म्हणून कधी घ्यायची याचे नियम १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहेत. त्याआधी जुन्या पुरावा कायद्यात हेच काम ६५ब करायचं. मूळ उपकरणाऐवजी त्यातून काढलेली प्रत दिली, म्हणजे पेनड्राईव्ह, सीडी किंवा मोबाईलवर उतरवलेली फाईल, तर तिच्यासोबत ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर क्लिप कितीही स्पष्ट असो, समोरचा वकील ‘ही वाचायलाच घेऊ नका’ असं म्हणू शकतो.

या प्रमाणपत्राचा देशभर चालणारा निकाल आपल्या जालन्यातून गेलेला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर जालन्यातून २९६ मतांनी निवडून आले. कैलास गोरंट्याल यांचं म्हणणं होतं की खोतकरांचा उमेदवारी अर्ज मुदतीनंतर, म्हणजे दुपारी ३ नंतर घेतला गेला. निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनात कॅमेरे होते, त्यांच्या सीडी निघाल्या. पण निवडणूक यंत्रणेने मागूनही प्रमाणपत्र दिलं नाही. औरंगाबाद खंडपीठाने अधिकाऱ्याची उलटतपासणी पुरेशी मानून निवडणूक रद्द केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १४ जुलै २०२० च्या निकालात तीन न्यायमूर्तींनी ठाम सांगितलं की प्रतीसाठी प्रमाणपत्र अनिवार्य आहे, तोंडी साक्षीने त्याची जागा भरून निघत नाही. सोबत दोन वाटाही दाखवल्या. मूळ उपकरणच घेऊन त्याचा मालक साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिला, तर प्रमाणपत्राची गरज नाही. आणि उपकरण दुसऱ्याच्या ताब्यात असून तो प्रमाणपत्र देत नसेल, तर कोर्टाकडे अर्ज करून ते मागवता येतं. गोरंट्याल यांनी मागायचं तेवढं मागून पाहिलं होतं, म्हणून खोतकरांचं अपील फेटाळलं गेलं.

डॅशकॅमवाल्याच्या दृष्टीने यातली पहिली वाट मोलाची आहे. कॅमेरा तुमचा, कार्ड तुमचं. मूळ कार्ड जपून ठेवलंत तर तुमच्या हातात असं काहीतरी आहे जे कॉलनीच्या सीसीटीव्हीवर अवलंबून असलेल्या माणसाकडे नसतं. नव्या कायद्याच्या कलम ५७ नेही याला जोर दिला आहे: योग्य ताब्यातून आलेली इलेक्ट्रॉनिक नोंद, कुणी तिच्यावर वाद घातला नाही तर, प्राथमिक पुरावाच मानली जाते. पण कोर्टात वाद घातला जातोच, त्यामुळे प्रमाणपत्राची तयारी ठेवणं शहाणपणाचं.

त्या प्रमाणपत्राचा नमुना कायद्याच्या अनुसूचीतच छापलेला आहे. त्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग क्लिप देणाऱ्याने, म्हणजे तुम्ही भरायचा. त्यात नोंद कशातून घेतली ते टिक करायचं: मेमरी कार्ड, डीव्हीआर, मोबाईल, क्लाउड वगैरे. मग उपकरणाची कंपनी आणि मॉडेल, रंग, सिरियल नंबर. ते उपकरण तुमच्या कायदेशीर ताब्यात होतं, नेहमीच्या कामात वापरात होतं आणि त्या वेळी नीट चालत होतं असं निवेदन. ते तुमच्या मालकीचं की तुम्ही फक्त चालवत होता, तेही. शेवटी फाईलचं हॅश मूल्य, ते कोणत्या पद्धतीने काढलं, आणि तारीख, २४ तासांच्या घड्याळात वेळ, ठिकाण, सही. दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा, आणि हॅश त्यानेही लिहायचं.

हॅश म्हणजे फाईलचा अंगठ्याचा ठसा. फाईलमधली सगळी माहिती एका सूत्रातून काढली की ठरावीक लांबीची अक्षर-अंकांची ओळ मिळते. एसएचए-२५६ पद्धतीत ती ६४ अक्षरांची असते. क्लिपचा एक सेकंद कापा, उजेड वाढवा, व्हॉट्सॲपवरून पाठवा, ओळ पूर्ण बदलते. विंडोजमध्ये ‘सर्टयुटिल’ ही आज्ञा आधीपासून असते, तिने घरबसल्या हॅश काढता येतं. कागदावर लिहून तारीख टाकून ठेवलं, तर वर्षभराने कोर्टात ‘ही तीच फाईल आहे’ हे सांगणं सोपं जातं.

म्हणून अपघात झाल्यावर काय करायचं? आधी जखमींना मदत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे तेच चालकाचं पहिलं कर्तव्य आहे, त्यानंतर पोलिसांना कळवणं, मग विमा कंपनीला. हे झालं की कॅमेरा बंद करा आणि कार्ड काढून खिशात ठेवा. हे कार्ड पुन्हा त्या कॅमेऱ्यात घालू नका. डॅशकॅम एकेक, तीन-तीन मिनिटांच्या तुकड्यांत रेकॉर्ड करतो आणि कार्ड भरलं की सगळ्यात जुना तुकडा पुसून त्यावर नवा लिहितो. साध्या फुल एचडीला मिनिटाला साधारण १०० एमबी धरा. ६४ जीबीचं कार्ड आठ-दहा तासांत भरतं. पुढचा-मागचा दोन्ही कॅमेरे असतील तर त्याच्या निम्म्यात. धक्का बसल्यावर तुकडा आपोआप ‘लॉक’ होतो हे खरं, पण बऱ्याच कॅमेऱ्यांत लॉक केलेल्या फायलींची जागा भरली की तिथलीही जुनी फाईल जाते. गाडी टोईंगवाल्याने नेली, गॅरेजमध्ये आठवडाभर कामगारांनी पुढे-मागे केली, बोनेटवर हातोडे पडले, प्रत्येक धक्क्याला नवा तुकडा लॉक झाला आणि अपघाताचा गेला. हे फार सहज घडू शकतं.

कार्डवरून पूर्ण फोल्डर लॅपटॉपवर उतरवा, फक्त अपघाताचे तीस सेकंद नकोत. आधीची दहा मिनिटं तुमचं चालवणं कसं होतं ते दाखवतात, आणि तुकडा कापलेला दिसला की ‘बाकीचं का लपवलं?’ हा प्रश्न येतो. पोलिसांना क्लिप व्हॉट्सॲपवर पाठवून मोकळं होऊ नका. तपास अधिकारी माहितीसाठी मागेल, तेवढ्यापुरती द्या, पण पुराव्यासाठी कार्ड किंवा नीट केलेली प्रत पंचनामा करून द्या आणि पोच घ्या.

कॅमेऱ्याची तारीख-वेळ बरोबर आहे का ते आजच बघा. बहुतेक कॅमेऱ्यांतली छोटी बॅटरी उन्हाने मरते, अकोल्याच्या मे महिन्यात तर हमखास, आणि मग घड्याळ कधीतरी जुन्याच तारखेवर जाऊन बसतं. अपघात जूनमधला आणि क्लिपवर जानेवारी, हे समजावून सांगता येतं. पण समजावत बसण्याची वेळच का आणायची?

अपघाताची नुकसानभरपाई जिथे ठरते त्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात पुराव्याचा काटेकोरपणा फौजदारी कोर्टाइतका नसतो. तिथे संक्षिप्त चौकशी चालते आणि ‘काय घडलं असण्याची शक्यता जास्त’ एवढं पाहिलं जातं. नवले पुलावरचा तुमचा व्हिडिओ तिथे टेंपोच्या विमा कंपनीचं ‘यांचीही चूक होती’ हे पालुपद थांबवू शकतो. १ एप्रिल २०२२ पासून पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला द्यायचा आहे. तुमची क्लिप त्या अहवालात जावी असं वाटत असेल, तर ती लवकर द्या.

तुमच्याविरुद्धचा साक्षीदार

डॅशकॅम घेताना आपण मनात दुसऱ्याची चूक धरून घेतो. कॅमेऱ्याला मालक कळत नाही. जीपीएस असलेल्या कॅमेऱ्यात प्रत्येक क्षणाला वेग छापलेला असतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाट भागात कारला १०० ची मर्यादा आहे. मागच्याने ठोकलं खरं, पण तुमच्या क्लिपवर ११८ दिसत असेल, तर विमा कंपनीचा वकील तेवढाच आकडा मोठा करून दाखवणार. आवाज चालू असेल तर धडक बसल्यानंतर तुम्ही शेजारच्याला ‘अरे, माझं लक्षच नव्हतं’ म्हणालात, तेही त्यात असतं.

वेग छापणं किंवा आवाज टिपणं सेटिंगमध्ये आधीपासून बंद ठेवलं, तर त्यात बेकायदा काही नाही. अपघातानंतर क्लिप पुसणं हा मात्र गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम २३८ पुरावा नाहीसा करण्याबद्दल आहे आणि कलम २४१ कोर्टात हजर करावी लागेल अशी इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करण्याबद्दल. दुसऱ्यात तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पुसलेली फाईल प्रयोगशाळेत बऱ्याचदा परत मिळते, मग एका प्रकरणाची दोन होतात.

पोलीस क्लिप मागू शकतात का? तुम्ही साक्षीदार असाल तर हो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली लेखी आदेश काढून उपकरण किंवा नोंद हजर करायला सांगता येतं. कलम १०६ खाली जप्तीही होते. मागणी लेखी घ्या, जप्तीची यादी घ्या, कार्ड देण्याआधी प्रत आणि हॅश स्वतःकडे ठेवा. तुम्ही स्वतः आरोपी असाल तर चित्र बदलतं. संविधानाचं अनुच्छेद २०(३) सांगतं की आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही, आणि अशा समन्सने आरोपीकडून पुरावा मागता येत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्येच म्हटलं आहे. पण झडती घेऊन कॅमेरा जप्त करायला त्याने अटकाव होत नाही. अशा वेळी या लेखावर विसंबू नका, वकील गाठा.

उलट प्रश्नही विचारला जातो: नाकाबंदीला पोलिसाचं बोलणं डॅशकॅममध्ये आलं तर? रस्त्यावर कर्तव्य बजावणाऱ्या पोलिसाचं चित्रण करायला मनाई करणारा सर्वसाधारण कायदा नाही. वर्ध्याच्या एका प्रकरणात २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तर पोलीस ठाण्याच्या आत केलेल्या चित्रणाबद्दल लावलेलं शासकीय गुपिते कायद्याचं कलम रद्द केलं होतं. पोलीस ठाणं त्या कायद्यातलं ‘निषिद्ध ठिकाण’ नाही, असं कोर्टाने म्हटलं. याचा अर्थ मोबाईल त्यांच्या तोंडासमोर धरून वाट अडवावी असा नाही. सरकारी कामात अडथळ्याचं कलम वेगळं आहे आणि ते लवकर लागतं. गप्प चालू असलेल्या डॅशकॅमचा फायदा हाच की त्याच्यावरून वाद होत नाही.

तो १९२३ चा शासकीय गुपिते कायदा खऱ्या निषिद्ध ठिकाणांना मात्र लागू आहे. खडकी, देवळाली, अहिल्यानगरच्या छावणी भागांत, दारूगोळा कारखान्यांच्या भिंतींलगत ‘छायाचित्रणास मनाई’चे फलक असतात. रस्त्याने जाता जाता भिंत कॅमेऱ्यात आली म्हणून कुणी खटला भरत नाही, त्या कायद्यात हेतू पाहिला जातो. पण आत प्रवेश करताना कॅमेरा बंद करा आणि ती क्लिप कुठेही टाकू नका.

दुसऱ्यांचे चेहरे, दुसऱ्यांचे नंबर

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि त्यातल्या बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. या कायद्यात व्यक्तीने स्वतःच्या किंवा घरगुती कामासाठी ठेवलेली माहिती वगळली आहे. तुमच्या गाडीतला, तुमच्यापुरता डॅशकॅम त्या सवलतीत बसतो. टॅक्सी चालवणाऱ्या किंवा ट्रकचा ताफा असलेल्या कंपनीला ती सवलत मिळत नाही. गाडीच्या आत रोखलेला कॅमेरा असेल, तर प्रवाशाला दिसेल असा फलक, कशासाठी आणि किती दिवस रेकॉर्डिंग ठेवतो याचा खुलासा, हे त्यांनी आतापासूनच करावं. २०१९ पासून नोंदलेल्या नव्या टॅक्सी आणि बसना जे सक्तीचं आहे ते ठिकाण कळवणारं यंत्र आणि संकटाचं बटण. तो कॅमेरा नव्हे, या दोन्हींत गल्लत होते.

आतला आवाज टिपण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: गरज नसेल तर बंद ठेवा. गुपचूप केलेलं ध्वनिमुद्रण पुरावा म्हणून चालतं का, हा प्रश्न मुंबईच्या कॉरोनरच्या (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या) लाच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच सोडवला होता. आवाज ओळखता येतो, मजकूर प्रकरणाशी संबंधित आहे आणि छेडछाड झालेली नाही, एवढं दिसलं तर मुद्रण ग्राह्य धरलं जातं. पण कोर्टात चालणं वेगळं आणि मागच्या सीटवरच्या पाहुण्यांच्या घरगुती गप्पा साठवून ठेवणं वेगळं.

सगळ्यात जास्त लोक अडकू शकतात ते क्लिप सोशल मीडियावर टाकल्याने. ‘हा बघा दारुडा’ असं लिहून नंबरप्लेटसकट व्हिडिओ टाकला आणि तो माणूस दारू प्यायलेला नव्हता, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीची फिर्याद होऊ शकते. अपघातात अल्पवयीन मुलगा असेल, चालक असो वा जखमी, तर बाल न्याय कायद्याचं कलम ७४ त्याची ओळख उघड करायला मनाई करतं. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड आहे. कुणाच्या शरीराच्या खासगी भागाचं चित्रण किंवा प्रसार माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई मध्ये येतो. आणि ‘पाच हजार दे, नाहीतर व्हिडिओ टाकतो’ ही तडजोड नव्हे, खंडणी आहे. चूक समोरच्याची असली तरी. क्लिप पोलिसांना द्या, विमा कंपनीला द्या. चार लाख अनोळखी लोकांना दाखवून खटल्यात काही भर पडत नाही, उलट समोरच्या वकिलाला ‘माझ्या अशिलाविरुद्ध आधीच निकाल लावला’ म्हणायची संधी मिळते.

विम्याचं थोडक्यात. डॅशकॅम लावला म्हणून हप्त्यात ठरलेली सूट नाही. एआरएआय या वाहनांच्या चाचण्या करणाऱ्या संस्थेची मान्यता असलेल्या चोरीविरोधी यंत्रासाठी स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर अडीच टक्के, कमाल ५०० रुपये, अशी सवलत आहे, आणि काही विक्रेते तिचं नाव घेऊन डॅशकॅम विकतात. डॅशकॅम त्यात येत नाही. दाव्याच्या वेळी क्लिप मदतीला येते, पण ती दिली तर पूर्ण द्यावी लागते, वेगाच्या आकड्यासकट.

परदेशातल्या नातेवाइकांसाठी इथून कॅमेरा नेणार असाल तर तिकडचे नियम आधी पाहा, ते बरेच कडक आहेत. कॅलिफोर्नियात काचेवरची जागा इंचांत ठरलेली आहे: चालकापासून लांबच्या खालच्या कोपऱ्यात सात इंचांचा चौकोन, चालकाकडच्या खालच्या कोपऱ्यात पाच इंचांचा, किंवा वर मध्यभागी पाच इंचांचा, आणि आवाज टिपत असाल तर प्रवाशांना तसं कळवणारी सूचना दिसेल अशी लावावी लागते. जर्मनीत सलग रेकॉर्डिंग करत राहणं हेच डेटा कायद्याचा भंग मानलं जातं. तरीही मे २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने अशी क्लिप अपघाताच्या दाव्यात पुरावा म्हणून घेता येईल असा निकाल दिला. त्यामुळे तिथे सलग चित्रण न साठवता फक्त धक्का बसल्यावर थोडाच भाग जपणारा कॅमेरा घेणं बरं. इथल्या दुकानात तो घेताना ही सेटिंग त्यात आहे का, ते आधी उघडून बघा.